मॉरिशसला जुलैत जावं का? आणि नाही तर मग कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको, ८ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे चौघं ७ दिवसांसाठी मॉरिशसला जायचं म्हणताहेत. एजंटने जुलैचं पॅकेज दिलंय, पूर्व किनाऱ्यावरचं मोठं रिसॉर्ट, आणि रेट इतका कमी की घरात सगळ्यांनाच शंका यायला लागली. जुलैत तिथे पाऊस असतो म्हणून स्वस्त देताहेत का? आणि मुळात जायला चांगला महिना कुठला?

पावसाची भीती आधी मनातून काढा. जुलैत तिथे हिवाळा असतो आणि आपल्या मानाने चांगला कोरडा असतो. पण शंका आली ते बरंच झालं, त्या रेटमागे काहीतरी आहेच, आणि ते म्हणजे वारा. एजंट खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतोय. मॉरिशसच्या बाबतीत "कुठला महिना" हा प्रश्न एकटा विचारून काही उपयोग नसतो, "कुठला महिना आणि कुठला किनारा" असा जोडीने विचारावा लागतो. बेट एवढंसं आहे, ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, म्हणजे ठाण्याहून निघालात तर लोणावळ्याच्या आसपास बेट संपलं, पण तेवढ्यातसुद्धा एका बाजूला लोक टॉवेल सांभाळत बसलेले असतात आणि दुसऱ्या बाजूला पाणी ताटात वाढल्यासारखं सपाट असतं.

मी ठाण्यातून छोटे ग्रुप घेऊन जाते, १७ वर्षं झाली, मॉरिशसच्याच पंचवीसेक फेऱ्या झाल्या असतील, आणि पहिल्याच फेरीला मी नेमकी तीच चूक केली होती जी तुम्ही आता करायच्या बेतात आहात. ती सांगतेच, पण त्याआधी दोन मिनिटं शाळेतला भूगोल, कंटाळा करू नका.

मुंबई विषुववृत्ताच्या वर १९ अंशांवर आहे. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली २० अंशांवर. म्हणजे आरशात बघितल्यासारखं, जवळपास तेवढंच अंतर पण उलट्या बाजूला. त्यामुळे ऋतू पण उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि पाऊस पण त्यातच, मे ते ऑक्टोबर हिवाळा. आपल्या डोक्यात मात्र जून म्हणजे छत्री आणि डिसेंबर म्हणजे स्वेटर हे इतकं पक्कं बसलेलं असतं की लोक डिसेंबरात तिथे लोकरीचे टोप घेऊन उतरतात (हो, उतरलेत, माझ्याच ग्रुपमधले). एकदा डिसेंबरात एअरपोर्टवरून हॉटेलला चाललो होतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर नुसता पेटलेला, तर मागच्या सीटवरून एक काका म्हणाले, "अहो इथे मे महिना चालू आहे का?" सगळे हसले, पण काकांना त्या एका झाडावरून जे कळलं ते मी आदल्या दिवशी अर्धा तास समजावून सांगूनही कोणाला कळलं नव्हतं.

आता मुंबईसारख्याच अंशांवर आहे म्हणजे मुंबईसारखा उकाडा असेल, असंही नाही. चारही बाजूंना शेकडो किलोमीटर उघडा समुद्र, सगळ्यात जवळचा मोठा भूभाग म्हणजे मादागास्कर, तोही साडेआठशे किलोमीटरच्या वर लांब. त्यामुळे ना फार तापतं ना फार गार पडतं. बेटाची उन्हाळ्याची सरासरी २४.७ आणि हिवाळ्याची २०.४ अंश, म्हणजे दोन ऋतूंमधला फरक सव्वाचार अंशांचा. नकाशात बघाल तर जागा उष्ण कटिबंधातच आहे पण अंगाला लागणारी हवा त्यापेक्षा सौम्य. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर दुपारी २४-२५, पहाटे १७ च्या आसपास, साधारण महाबळेश्वरची डिसेंबरातली दुपार समजा. जानेवारी-फेब्रुवारीत तिशी गाठतं आणि घाम पण येतो.

पाऊस वर्षभराचा मिळून सरासरी २००० मिमी. आकडा ऐकून दचकू नका, आपल्या मुंबईत एकट्या जुलैत ८०० च्या वर पडतो. तिथे तो बारा महिन्यांत विभागून येतो, त्यातला दोन-तृतीयांश उन्हाळ्याच्या सहा महिन्यांत. सगळ्यात ओला काळ फेब्रुवारी-मार्च, सगळ्यात कोरडा महिना ऑक्टोबर. एरवीचा पाऊस कसा, तर आला, दहा-पंधरा मिनिटं झोडपलं, गेला, परत ऊन. मोबाईलवर वेदर बघून रडणारे लोक मला दरवर्षी भेटतात, सातही दिवसांवर ढग आणि थेंबाचं चित्र असतं ना, ते चित्र तिथे जवळपास कायमच असतं कारण बेटावर कुठे ना कुठे पाऊस पडतच असतो. ते बघून ट्रिप कॅन्सल करू नका.

आता वाऱ्याकडे येते, कारण खरी गोम तिथेच आहे.

तिथे वर्षभर आग्नेयेकडून वारा येतो. व्यापारी वारे म्हणून आपण पाठ केलेले तेच. उन्हाळ्यात ते जरा मंद असतात, हिवाळ्यात दक्षिण हिंदी महासागरातला जास्त दाबाचा पट्टा जोर धरतो आणि वारे तडतडीत वाहायला लागतात, जून ते सप्टेंबर सगळ्यात जास्त. हा वारा बेटाला कुठून भिडतो? पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर. पुढे सरकला की मधलं पठार आणि डोंगर लागतात, तिथे वर चढतो, ढग होतात, पाऊस तिथेच सांडतो आणि पलीकडे पश्चिमेला उतरतो तेव्हा कोरडा झालेला असतो. आपल्याला हे नवीन नाही हो. महाबळेश्वरला धो-धो आणि घाट उतरून वाईला आलात की गाडीचे वायपर बंद, अगदी तेच, फक्त दिशा उलटी. मधल्या पठारावर वर्षाला ४००० मिमीपर्यंत पाऊस आणि पश्चिम किनाऱ्यावर हजारच्या आत.

तर माझी चूक. जुलै महिना, सहा जोडपी, पूर्वेला बेल मार भागातलं झकास हॉटेल, पुण्या-मुंबईच्या हॉटेलच्या रेटमध्ये मिळालेलं, मी खूश. बीच बघितला तर अजून खूश, पांढरी वाळू, लांबच लांब, त्या बेटावरचा सगळ्यात सुंदर किनारा हाच आहे असं मी आजही म्हणेन. सकाळी दहाला सगळे पाण्यात जायला निघाले आणि पाच मिनिटांत परत. वाळू वाऱ्याबरोबर जमिनीलगत धावत होती आणि पोटऱ्यांना सुया टोचल्यासारखी लागत होती. हॉटेलवाल्यांनी खुर्च्यांवरचे टॉवेल मोठ्या चिमट्यांनी अडकवले होते, छत्र्या बांधून ठेवलेल्या. लगूनचं, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या आतलं उथळ पाणी निळंच होतं पण बारीक लाटांनी सगळं फेसाळलेलं. एका मुलीने कौतुकाने आणलेली मोठी हॅट उडाली ती थेट नारळाच्या झाडाआडून पार्किंगमध्ये सापडली. आणि इल ओ सेर्फ या जवळच्या छोट्या बेटावरचं पॅरासेलिंग, ज्यासाठी निम्मी मंडळी आली होती, ते वाऱ्यामुळे बंद. दुसऱ्या दिवशी पण बंद. तिसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला म्हटलं, बाबा आता काय करू, तो म्हणाला चला बसमध्ये बसा. सव्वा तासात त्याने आम्हाला फ्लिक आन फ्लाकला नेलं, पश्चिम किनारा. तिथे वारा जवळपास नव्हताच! ऊन, शांत पाणी, बायका खडीशर्करा खाल्ल्यासारख्या खूश, आणि मी मनातल्या मनात कपाळ बडवतेय की हे मला हॉटेल बुक करताना कोणी का नाही सांगितलं.

जाताना वाटेत क्यूरपीप लागतं, मधल्या पठारावरचं गाव, ५५० मीटरच्या आसपास उंचीवर. तिथे भर दुपारी धुकं आणि बारीक रिपरिप, लोक जॅकेट घालून बसस्टॉपवर उभे. ड्रायव्हर म्हणाला क्यूरपीपला दोनच सीझन असतात, लहान पाऊस आणि मोठा पाऊस. तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर खाली फ्लिक आन फ्लाक, जिथे लोक सनस्क्रीन लावून पडलेले. एकाच दुपारी तीन हवामानं बघितली आम्ही, आणि त्या दिवसापासून मी महिना ठरल्याशिवाय हॉटेल बघत नाही.

म्हणून जुलैत जायचंच असेल तर जा, वाईट अजिबात नाही, फक्त हॉटेल पश्चिमेला किंवा वायव्येला घ्या. फ्लिक आन फ्लाक, वोलमार, तामारिन, किंवा वर त्रू ओ बिश, बालाक्लावा हा पट्टा. एक अपवाद, ल मोर्न. नकाशात ते पश्चिमेला दिसतं म्हणून लोक बिनधास्त घेतात, पण ते नैऋत्य टोकाला आहे आणि डोंगराला वळसा घालून वारा तिथे मस्त पिसाळतो, काइटसर्फिंगवाले जगभरातून जून ते सप्टेंबर तिथे त्यासाठीच येतात. तुम्हाला काइट उडवायची नसेल तर हिवाळ्यात ल मोर्न बघायला जा, राहायला नको.

पण तुमच्या चौघांसाठी जुलै मी निवडणार नाही, आणि त्याला वाऱ्याशिवाय दोन कारणं आहेत. एक म्हणजे समुद्राचं पाणी, ऑगस्टमध्ये २२-२३ अंशांवर येतं. युरोपियन लोकांना ते गरम पाणी वाटतं, पण कोकणात डुंबलेल्या माणसाला पहिल्यांदा आत शिरताना "आई गं" होतंच, आणि ८ वर्षांची मुलं वीस मिनिटांत ओठ निळे करून बाहेर येतात, मग दिवसभर नुसतं "आता काय करू". दुसरं, दिवस लहान. जून-जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. तुम्ही नाश्ता करून दहाला निघणार, शामारेलची रंगीत माती, धबधबा, गंगा तलाव असं करत करत बघता बघता अंधार. डिसेंबरात तोच सूर्यास्त पावणेसातच्या पुढे जातो, एक तास जास्त मिळतो, सात दिवसांचे सात तास झाले की.

हिवाळ्याच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर अन्याय होईल. डोंगर चढणाऱ्यांना हाच काळ, ल मोर्नचा ५५६ मीटरचा डोंगर किंवा ब्लॅक रिव्हर गॉर्जेसमधल्या पायवाटा जानेवारीच्या दमट हवेत चढून बघा म्हणजे कळेल. जुलै ते ऑक्टोबर अंटार्क्टिककडून हंपबॅक देवमासे येतात, पश्चिम किनाऱ्यावरून बोटी सुटतात, मी दोनदा बघितलेत, एकदा आईबरोबर पिल्लू होतं आणि बोटीवर कोणी पाच मिनिटं बोललंच नाही. आणि ऊस. निम्मा देश उसातच आहे असं वाटतं, मार्च-एप्रिलमध्ये तो इतका उंच झालेला असतो की गाडीतून बाहेर फक्त हिरवी भिंत दिसते. जूनपासून तोड सुरू झाली की डोंगर, समुद्र सगळं उघडं पडत जातं. कोल्हापूरच्या एका ग्रुपने मला विमानतळापासून हॉटेलपर्यंत एकरी उतारा किती हेच विचारलं होतं.

मग जानेवारी ते मार्च? हा चक्रीवादळांचा काळ. सीझन तसा नोव्हेंबर ते मे मध्यापर्यंत धरतात पण खरी धास्ती या तीन महिन्यांची. दरवर्षी बेटावर थेट वादळ आदळतं असं नाही, बहुतेक वेळा बाजूने जातं आणि दोन-तीन दिवस पाऊस-वारा देऊन जातं. पण आदळलं की खेळ नाही. २०२४ च्या संक्रांतीला, १५ जानेवारीला, बेलाल नावाचं वादळ आलं तेव्हा राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या, विमानतळ बंद, इथे आपण तिळगूळ वाटत होतो आणि तिथे अडकलेल्या लोकांचे नातेवाईक मला फोन करत होते, फ्लाइटचं काय. २०१३ च्या मार्चमध्ये तर वादळ नसतानाच, नुसत्या मुसळधार पावसाने पोर्ट लुईत पूर आला होता आणि ११ माणसं गेली. शहर तीन बाजूंनी डोंगरात आहे, पाणी उतरायला वेळ लागत नाही.

मी स्वतः एका जानेवारीत तिथे अडकलेय. त्यांच्याकडे १ ते ४ असे क्लास असतात, १ म्हणजे सावध राहा, ३ लागला की सगळं बंद, बस बंद, दुकानं बंद, बाहेर पडायचं नाही. हॉटेलने बीचवरच्या खुर्च्या उचलून स्विमिंग पूलमध्ये बुडवल्या, मला आधी वाटलं वेडे झाले का हे, मग कळलं की उडून काचा फोडू नयेत म्हणून. रूममध्ये पॅक डिनर आणून दिलं, मेणबत्ती, टॉर्च, पाण्याच्या बाटल्या. ३० तास आम्ही पत्ते खेळलो आणि चकल्या संपवल्या. घाबरायला झालं नाही कारण तिथली माणसं या गोष्टीत तयार असतात, बांधकाम पक्कं असतं, पण सात दिवसांतले दोन दिवस गेले आणि परतीची फ्लाइट एक दिवस पुढे गेली ती वेगळीच. हनिमूनवाल्यांना मी म्हणते चालत असेल तर जा, फेब्रुवारीत हॉटेलं स्वस्त मिळतात, पाणी २७-२८ अंश, आंघोळीच्या पाण्यासारखं. पण वादळासाठी कव्हर असलेला इन्शुरन्स घ्या आणि परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. सासूबाई आणि लहान मुलगी बरोबर असताना मी हा जुगार खेळणार नाही.

फेब्रुवारी-मार्चचं एकच मोठं आकर्षण म्हणजे महाशिवरात्र. गंगा तलावाला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो लोक कावड घेऊन पायी येतात, चार-पाच दिवस आधीपासून रस्ते भरलेले, जागोजागी लोक सरबत आणि खायला वाटतात, आपल्या वारीची आठवण येते. तिथली ३३ मीटरची शंकराची मूर्ती फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असते. सासूबाईंना त्याचीच ओढ असेल तर गोष्ट वेगळी, पण चालणं बरंच पडतं, गाड्या लांब अडवतात, आणि वर पठारावर असल्याने पाऊस जवळपास ठरलेला.

सण म्हटलं की गणपतीचा विषय निघतोच. १९व्या शतकात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या लोकांचे वंशज तिथे आहेत, आणि गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते, गंमत म्हणजे ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी देतात, विसर्जनाच्या. नदीवर, समुद्रावर लोक मूर्ती घेऊन येतात, टाळ वाजतात, आरती आपलीच पण उच्चार ऐकून आधी हसू येतं आणि मग एकदम गळा भरून येतो. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात हे असतं, म्हणजे वारा आहे, पाणी गार आहे, पण कोणाला घरचा गणपती सोडून जाता येत असेल (आमच्याकडे शक्यच नाही) तर एकदा बघण्यासारखं आहे.

डिसेंबर. सगळ्यांना डिसेंबरच हवा असतो. पहिले दोन आठवडे खरंच सुंदर, गुलमोहर, रस्त्याकडेला लिचीच्या जुड्या बांधून विकणारे, गरम पण बेताचं. त्यानंतर २० तारखेपासून ५ जानेवारीपर्यंत मात्र मी माझ्या नातेवाइकांना पण पाठवत नाही. फ्रान्सवाले येतात, दक्षिण आफ्रिकेच्या शाळांना सुट्टी, शेजारच्या रियुनियनच्या शाळांना सुट्टी, आणि आपले लोक वर. वर्षातले सगळ्यात चढे रेट, शिवाय बऱ्याच हॉटेलांत २४ आणि ३१ तारखेचा गाला डिनर कम्पल्सरी, त्याचे माणशी पैसे वेगळे लावतात, आणि तुम्ही शाकाहारी आहात की दारू पीत नाही याने त्यात काही फरक पडत नाही. कोटेशनमध्ये ही ओळ खाली बारीक अक्षरात असते. विचारून घ्या.

बाकी उन्हाळ्यात एक गोष्ट उलटी होते तीही सांगते, नोव्हेंबर ते जानेवारी पश्चिम किनारा जरा कोंदट होतो आणि पूर्वेला तोच वारा, जो जुलैत हॅट उडवत होता, तो छान झुळूक होऊन येतो. म्हणजे डिसेंबरात जाणार असाल तर तुमच्या एजंटचं ते पूर्वेचं रिसॉर्ट मी डोळे झाकून घेईन. वस्तू चांगली आहे, तो ती चुकीच्या महिन्यात विकतोय.

आता तुमच्यासाठी. तुमच्याकडे शाळेमुळे मुळात तीनच खिडक्या आहेत, मे, दिवाळी आणि नाताळ (जुलैत शाळा बुडवणार होतात की काय?). नाताळ मी वर कापलाच.

माझं मत मेचा पहिला पंधरवडा. पाऊस ओसरलेला असतो, वादळांचा सीझन संपत आलेला, समुद्र अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतो कारण पाणी हवेपेक्षा सावकाश थंड होतं, २६ च्या आसपास मिळतं, आणि जोराचे वारे अजून नीट सुरू झालेले नसतात. युरोपियन गर्दी ईस्टरनंतर पांगलेली, त्यामुळे हॉटेलवाले ऐकून घेतात. त्याच खोलीच्या दरात अपग्रेड मागा, मेमध्ये देतात. गर्दी असते ती आपलीच, फ्लाइटमध्ये अर्धं विमान मराठी-गुजराती, तर तिकीट फेब्रुवारीतच काढून ठेवा, मुंबईहून थेट विमान आहे, साडेसहा तासांच्या आत पोचता, व्हिसा आधी काढायची भानगड नाही आणि घड्याळ फक्त दीड तास मागे करायचं, सासूबाईंची झोप बिघडत नाही. मे जसजसा पुढे सरकतो तसा वारा वाढतो, म्हणून २० तारखेनंतरचं असेल तर परत पश्चिमच. पहिल्या पंधरवड्यात मी तुम्हाला वायव्येला त्रू ओ बिशला ठेवेन, पाणी उथळ, लाटा नाहीत कारण बाहेर प्रवाळाची भिंत आहे, मुलगी दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात मासे बघत बसेल आणि सासूबाई झाडाखाली. भरती-ओहोटीचं पण टेन्शन नाही, अर्ध्या मीटरचाच फरक असतो, अलिबागसारखं समुद्र एक किलोमीटर आत गेला असं होत नाही.

दुसरी पसंती दिवाळी. हवामानाच्या दृष्टीने खरं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच पहिला नंबर, सगळ्यात कोरडं, वारा पडत आलेला, पाण्यात स्वच्छ दिसतं म्हणून डायव्हिंगवाले याच काळात येतात. दिवाळीची तिथे पण सुट्टी असते आणि त्रिओलेसारख्या गावांत घरोघरी रोषणाई, संध्याकाळी गाडीतून एक चक्कर मारा. अडचण दोनच, पाणी मेपेक्षा थोडं गार आणि खर्च जास्त, कारण आपल्या दिवाळीची विमानं आणि त्यांचा चांगला सीझन एकत्र येतो. बजेट सैल असेल तर दिवाळीच करा, मी अडवणार नाही. फराळाचे डबे न्या आणि तिथे रस्त्यावर ढोल पुरी खा, वाटाण्याच्या डाळीचं पुरण भरलेली मऊ पोळी, पण खारी, वर रस्सा घालून गुंडाळून देतात. सासूबाई पहिल्या घासाला नाक मुरडतील आणि दुसरी मागतील.

एजंटला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा. हॉटेल नकाशात नेमकं कुठल्या बाजूला आहे ("बीचफ्रंट" हे उत्तर नाही). वाऱ्यामुळे बोटीची ट्रिप किंवा पॅरासेलिंग रद्द झालं तर पैसे परत की दुसरा दिवस. आणि पठारावरची ठिकाणं, म्हणजे शामारेल, गंगा तलाव, क्यूरपीप, कार्यक्रमात कुठल्या दिवशी आहेत. ती पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवायला सांगा म्हणजे फारच पाऊस लागला तर पुढे ढकलायला जागा राहते, शेवटच्या दिवशी ठेवली की गेली. मेमध्ये पण वर एखादी सर येतेच, तर सासूबाईंसाठी एक विंडचीटर बॅगेत वरच ठेवा, तळाशी नको, क्यूरपीपला भर रस्त्यात बॅग उपसणारी कुटुंबं मी पुष्कळ बघितली आहेत.